"आमच्यावर प्रयोग करणार का?"

आज वॉर्डात एका आजींच्या मुलाने दोन उपचारांची तुलना करणाऱ्या आमच्या अभ्यासाचं संमतीपत्र हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?" प्रश्न रास्तच होता. कुठला उपचार मिळणार हे मी ठरवत नाही, डॉक्टरही नाहीत, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवतो, असं सांगितल्यावर तो आणखीच बिथरला! मग खुर्ची ओढून बसले. दोन्हींपैकी सरस कुठला हे आज कुणालाच ठाऊक नाही, म्हणूनच हा खटाटोप. नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार मिळतीलच, आणि मध्येच बाहेर पडायचीही मुभा आहे.

आजींना वाचता येत नाही, म्हणजे अंगठ्याआधी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. (सरकारी रुग्णालयात गर्दी एवढी, पण मोकळा माणूस मिळेल तर शपथ.)

संशोधन बड्या संस्थांनीच करावं, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. मला नाही पटत. २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत झालेल्या 'रिकव्हरी' नावाच्या अशाच एका चाचणीतून कळलं, की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा दिसला नाही. आमच्या रुग्णांना मधुमेह असतो, किडनी कमकुवत असते, वय झालेलं असतं. अशांवर तपासलंच नाही तर औषध त्यांना लागू पडतं हे कळणार कसं?

आजींनी शेवटी मुलाला गप्प केलं. "रक्त किती वेळा काढणार?"

चार वेळा.

"मग उद्या सांगते."