डावीकडे जाणारी स्टिक

लेकीने तिचा गेम कंट्रोलर टाकायला काढला होता. "बाबा, हा आपोआप डावीकडे जातो," एवढंच कारण. स्टिकला बोटही न लावता खेळातला गडी हळूहळू भिंतीला जाऊन चिकटायचा आणि ती हरायची. मी तो मागून घेतला. माझ्या टेबलावर एक छोटा सीएनसी राउटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने लाकडावर नावं, नक्षी, असलं काहीबाही कोरणारं यंत्र. त्याला जॉग करायला काहीतरी बरं साधन हवंच होतं.

जॉग करणं म्हणजे कोरकाम सुरू व्हायच्या आधी बिट, म्हणजे कोरणारं बारीक पातं, आपल्या इशाऱ्याने इकडेतिकडे नेणं. लाकडाचा एक कोपरा ठरवायचा, बिटचं टोक बरोबर त्यावर आणायचं आणि यंत्राला सांगायचं, हे तुझं शून्य. फाइलमधला सगळा हिशेब तिथून मोजला जातो. हे शून्य दोन मिलिमीटर सरकलं तर यंत्र कुरकुर करत नाही. पुढचं सगळं काम ते अत्यंत अचूकपणे चुकवतं.

आजवर मी हे कीबोर्डच्या बाणांनी करत होतो. लॅपटॉप टेबलाच्या या टोकाला, बिट त्या टोकाला. वाकून बिट बघायचा, सरळ होऊन बाण दाबायचा, पुन्हा वाकायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यात एका दाबाला किती सरकायचं हे आधी निवडावं लागतं, १० मिलिमीटर, १ किंवा ०.१. एकदा ०.१ आहे असं समजून खाली नेणारं बटण दाबलं, निघालं १०. एक मिलिमीटर जाडीचा बिट टक करून गेला. आवाज इतका बारीक होता की आधी वाटलं, काही झालंच नाही.

कारखान्यातल्या यंत्रांना यासाठी पेंडंट असतो. हातात मावणारा डबा आणि त्यावर एक चाक. चाकाच्या एका फेऱ्यात १०० खाचा, आणि दर खाचेला अक्ष, म्हणजे यंत्राची एक दिशा, आपण निवडू तसा ०.००१, ०.०१ किंवा ०.१ मिलिमीटर सरकतो. फार देखणी वस्तू. मला तिचा अजूनही हेवा वाटतो. पण चाक एका वेळी एकच अक्ष हलवतं. स्टिकने दोन्ही एकदम हलतात, तिरकं जाता येतं, आणि जोर कमीजास्त केला की वेगही कमीजास्त होतो. अंगठ्याने फिरवायची अशी स्टिक निन्टेन्डो ६४ने १९९६ साली आणि प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉकने १९९७ साली घराघरात नेली. त्यानंतरच्या अंगठ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

"खेळण्याने मशीन चालवतोस?" असं कुणी विचारलं की मी अमेरिकेच्या पाणबुडीचा दाखला द्यायचो. २०१८ साली नौदलात दाखल झालेल्या यूएसएस कोलोराडोमध्ये पेरिस्कोपच्या जागी आलेले कॅमेऱ्याचे खांब एक्सबॉक्सच्या कंट्रोलरने फिरवतात. तिथे कॅमेरा फिरतो, पाणबुडी नाही, हे मात्र सांगताना गाळायचो.

जोडणी सोपी झाली. जीकोड, म्हणजे यंत्राला हालचाली सांगणारी भाषा, पाठवणारे बरेच प्रोग्रॅम गेम कंट्रोलर ओळखतात, लिनक्ससीएनसी या प्रोग्रॅममध्ये तर फार पूर्वीपासून ही सोय आहे. डाव्या स्टिकला एक्स आणि वाय, म्हणजे डावं-उजवं आणि पुढे-मागे, उजवीच्या फक्त वर-खाली हालचालीला झेड, म्हणजे बिटची उंची. झेड मुद्दाम वेगळा ठेवला, कारण बिट खाली नेताना अंगठा जरा तिरका पडला आणि टोक आडवं सरकलं तर पुन्हा तेच टक.

पहिल्या दिवशी स्टिक पुढे ढकलली आणि लाकूड माझ्याकडे आलं. उलटं झालं म्हणून सेटिंगमध्ये वायची दिशा फिरवली. आता अंगठा आणि लाकूड एका दिशेने जायला लागले आणि मी खूश. मग बिट लाकडाच्या पलीकडच्या कडेला न्यायला गेलो, तर तो अलीकडच्या कडेला. माझ्या यंत्रात वायसाठी बिट हलत नाही, लाकूड ठेवलेला खालचा बेड हलतो. जीकोड मात्र नेहमी बिट लाकडावरून कुठे गेला याचाच विचार करतो. लाकडावर एक मुंगी बसली आहे असं समजायचं आणि तिला बिट जसा जाताना दिसेल तसं बघायचं. तिच्या नजरेने पहिलीच दिशा बरोबर होती. मी सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं.

डावीकडे जाण्याच्या रोगाकडे मी तोवर दुर्लक्ष केलं होतं. स्टिक मधोमध असते तेव्हा तिचा आकडा शून्य असायला हवा. पण स्टिक किती ढळली ते मोजणारे आतले पोटेन्शिओमीटर झिजले की तो थोडा इकडेतिकडे राहतो. खेळात गडी भिंतीला चिकटतो. माझ्याकडे बिटचं टोक फळीला जेमतेम टेकवून मी कागद आणायला आतल्या खोलीत गेलो. परत आलो तेव्हा टोक अजून सरकत होतं, गोगलगायीच्या चालीने, आणि मागे चांगल्या घासलेल्या फळीवर बोटभर लांबीचा सरळ ओरखडा. बिट गरगर फिरवणारा स्पिंडल बंद होता हे नशीब. इतकी सरळ रेघ मला पट्टी धरूनही आली नसती.

यावरचा उपाय म्हणजे डेड झोन. मधल्या काही भागात स्टिक हलली तरी ती हललीच नाही असं धरायचं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधून स्टिकचे आकडे -३२७६८ ते ३२७६७ असे येतात, आणि मायक्रोसॉफ्टनेच डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेड झोन आहे ७८४९. म्हणजे स्टिक जवळजवळ पाव वाट गेली तरी काही घडू नये, हे बनवणाऱ्यांनाच मान्य आहे. माझ्या कंट्रोलरला त्याहून थोडा जास्तच लागला.

खरी गंमत पुढे होती. ओरखडा बंद झाला, तरी अंगठा उचलल्यावर बिट लगेच थांबत नव्हता. थोडा पुढे जाऊन, सावकाश, जणू विचार करून थांबायचा. खेळात अंगठा उचलला की गडी त्या क्षणी उभा राहतो आणि आपल्याला ते इतकं गृहीत असतं की त्याचं काही वाटतही नाही. इथे स्टिक काही थेट मोटरला जोडलेली नाही. प्रोग्रॅम दर थोड्या वेळाने स्टिक कुठे आहे ते बघतो आणि यंत्रातल्या ग्रबलला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, छोटे छोटे हुकूम पाठवतो, एवढं सरक, एवढं सरक. ग्रबल ते रांगेत लावतो. मिनिटाला १००० मिलिमीटर वेग आणि दर ५० मिलिसेकंदाला एक हुकूम, म्हणजे एका हुकुमात साधारण ०.८३ मिलिमीटर. रांगेत असे पंधरा हुकूम बसले असतील तर अंगठा उचलल्यानंतरही साडेबारा मिलिमीटर प्रवास शिल्लक आहे. फळी आवळून धरणारा क्लॅम्प अनेकदा त्याहून जवळ असतो.

मग हुकूम अगदी बारीक करावेत म्हटलं, तर यंत्र वेगच घेईना. रांगेतल्या शेवटच्या हुकुमानंतर पुढे काही आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे थांबता येईल इतपतच ते पळतं. बिचारं शहाणंच म्हणायचं. ग्रबलच्या १.१ आवृत्तीत यासाठीच जॉगचे हुकूम वेगळे काढले आणि सोबत रद्द करण्याची खूण दिली, १३३ क्रमांकाचा एकच बाइट. तो आला की यंत्र आवरतं घेत थांबतं, रांगेतला जॉग पुसून टाकतं आणि आपण कुठे आहोत हेही विसरत नाही. माझा प्रोग्रॅम ही खूण पाठवतच नव्हता. सेटिंगच्या एका कोपऱ्यातला चौकोन टिक केला आणि बिट अंगठ्याबरोबर थांबायला लागला. त्या रात्री मी तासभर काहीही कोरलं नाही. नुसता बिट न्यायचा आणि थांबवायचा.

आणखी दोन गोष्टी केल्या. खांद्यावरचं बटण दाबून धरलं असेल तरच स्टिक चालते, म्हणजे कंट्रोलर मांडीवरून घरंगळला तरी यंत्र जागचं हलत नाही. आणि वायरलेस सोडून वायर लावली. बॅटरी संपली आणि "पुढे जा" हीच शेवटची बातमी प्रोग्रॅमच्या कानात राहिली तर काय, या विचाराने मला झोप लागेना. लाल इमर्जन्सी बटण तर पहिल्यापासून वेगळ्या वायरने जोडलेलं आहे, ते कंट्रोलरवर आणायचा मोह कुणी करू नये.

शेवटची टेकवाटेक स्टिकने होत नाही. त्यासाठी कंट्रोलरवरच्या चौफुलीच्या बाणांवर ०.०५ मिलिमीटरची पायरी लावली आहे. बिटखाली कागद धरायचा, एका हाताने तो मागेपुढे हलवत राहायचं, दुसऱ्या हाताने बाण दाबायचा. सुटा, सुटा, सुटा, आणि मग एका दाबाला कागद किंचित घासतो. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास, तेवढी वजा केली की शून्य तयार. हे करताना मी स्क्रीनकडे बघतही नाही. कागद धरलेल्या बोटांना जे कळतं तेवढं पुरतं.

हे सगळं लेक दारात उभी राहून बघत होती. तिला हवं होतं म्हणून बिट काढून त्या जागी मार्कर बांधला, फळीवर कागद चिकटवला आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. दोन मिनिटांत तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमायला लागलं, हे ओघाने आलंच. तिने स्वतःचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत. डेड झोन स्टिक मधोमध असतानाच पांघरूण घालतो, एकदा ती ढकलली की जुना कल पुन्हा बाहेर येतो. नावातल्या सगळ्या उभ्या रेघा वर जाताना डावीकडे झुकल्या होत्या.

तिने कागद उचलून माझ्यासमोर धरला. "सांगितलं होतं ना?"