वहिनीच्या पाटीचं फुगलेलं अक्षर

गोव्यात, फोंड्याच्या बाजाराच्या रस्त्याला वहिनीने सकाळच्या खाण्याचं दुकान काढायचं ठरवलं आणि पाटीचं काम माझ्याकडे आलं. नाव तिनेच ठेवलं होतं, 'न्याहारी'. म्हणाली, "भावजी, अक्षर पुरीसारखं टम्म हवं." मंगेशीला, कवळ्याच्या शांतादुर्गेला जाणारे पुष्कळजण याच रस्त्याने जातात, त्यात महाराष्ट्रातलेही खूप. म्हणून देवनागरी मोठं आणि खाली तेच नाव इंग्रजीत, असं ठरलं.

पहिला नमुना बघून मी खट्टू झालो. पाटीवाल्याकडे कोरल या चित्रं-अक्षरं मांडायच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. मी पाठवलेला युनिकोड मजकूर (फोनवर, नेटवर आपण लिहितो तोच) तिथे उघडला की 'न्या' फुटायचा, न एकीकडे, य दुसरीकडे. "पात्रांव (म्हणजे मालक), हे इथे चालत नाही," म्हणत त्याने आपल्या जुन्या फॉन्टमध्ये नाव परत टाइप केलं, आणि जाड दिसावं म्हणून अक्षरांच्या कडेने त्याच रंगाची रुंद आउटलाइन चढवली. आपल्याकडच्या कितीतरी पाट्या अशाच जाड होतात. पण आउटलाइन बाहेर वाढते तशी आतही वाढते. 'ह'च्या आतली वळी बुजली, 'न'ची गाठ म्हणजे नुसता गोळा झाला.

अक्षराच्या आतली मोकळी जागा, त्याचं पोट, राखलं तरच जाड अक्षर वाचता येतं, हे मला तेव्हा नीट कळलं. देवनागरीत हे इंग्रजीपेक्षा अवघड, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आणि त्याच उंचीत सगळ्यांना जागा द्यायची. त्यामुळे जाड अक्षर मुळातच जाड म्हणून काढावं लागतं.

शोधताना 'बालू' सापडला. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी केलेला हा फॉन्ट. भरदार, टोकं गोलावलेली, इंग्रजीत एन-यूच्या कोपऱ्यात एरवी जो छोटा काटा असतो तोसुद्धा यात नाही. त्याची भावंडं बघून तर मी हरखलोच: गुजराती 'बालू भाई', बंगाली 'बालू दा', पंजाबी 'बालू पाजी', तमिळ 'बालू थंबी', मल्याळम 'बालू चेट्टन'. प्रत्येक लिपीला त्या त्या भाषेतला भाऊ! आणि सगळ्यांबरोबर जुळणारं इंग्रजी आहेच, म्हणजे आमची खालची ओळ परक्या घरातली वाटणार नव्हती. सुरुवातीला यात एकच जाडी होती. नंतरच्या 'बालू २'मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत पाच आहेत.

मला अर्थातच सगळ्यात जाड हवा होता. बोल्ड आणि एक्स्ट्राबोल्ड दोन्ही कागदावर छापून दुकानाच्या शटरला चिकटवले आणि रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. जवळून एक्स्ट्राबोल्ड देखणा होता, पलीकडून 'ह' मिटल्यासारखा दिसत होता. शिवाय आमची अक्षरं अ‍ॅक्रिलिकची, आतून एलईडीची. उजेड कडेबाहेर पसरतो, त्यामुळे रात्री रेघ आहे त्याहून जाड भासते. म्हणून बोल्ड घेतला. गोल टोकांचा इथे आणखी एक फायदा झाला: अ‍ॅक्रिलिकला तडा जातो तो बहुधा आतल्या टोकदार कोपऱ्यातून, आणि इथे तसे कोपरे कमीच. रेघ रुंद असल्यामुळे एलईडीची पट्टीही आरामात बसली.

फाइल देताना सगळ्यात जास्त वेळ गेला. इंकस्केप या कोरलसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइप केलं, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार केले, त्यामुळे पाटीवाल्याकडे फॉन्ट नसला तरी काही मोडत नाही. तरी व्हिनाइलच्या चाचणी तुकड्यावर शिरोरेषेत मध्येच उभे काप आले. 'न्या' आणि 'हा'च्या मध्ये एक, 'हा' आणि 'री'च्या मध्ये एक. कारण साधं आहे. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा सोबत घेऊन येतं आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढते. पडद्यावर ती सलग दिसते, पण कापणाऱ्या यंत्राला दोन्ही कडा दिसतात. सगळे आकार निवडून 'युनियन' केलं (कोरलमध्ये हेच 'वेल्ड'), आणि अख्खं 'न्याहारी' एका तुकड्यात निघालं. देवनागरी शब्द शिरोरेषेने असा आपोआप बांधला जातो. तो तुकडा हातात धरल्यावर मला फार बरं वाटलं. इंग्रजी नावाची मात्र सुटी अक्षरं एकेक चिकटवावी लागली.

वहिनीला मेन्यूही याच अक्षरात हवा होता. मी ठाम नाही म्हटलं. दोन शब्दांना जे अक्षर गोड वाटतं, तेच वीस ओळींना डोळ्यांवर येतं. मेन्यू 'मुक्ता'त केला. तोही 'एक टाइप'चाच, पण वाचायच्या मजकुराचा. तिथे 'पुऱ्या' तेवढं दोनदा तपासलं. साधा र घेतला की रफार होऊन 'पुर्या' छापलं जातं. ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की बरोबर येतं.

पाटी पावसाच्या आधी चढली. पाटीवाल्याने विचारलं, "हा फॉन्ट धंद्यात वापरायला पैसे किती?" ओपन फॉन्ट लायसन्स आहे, काही पडत नाहीत, असं सांगून फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर टाकली. वहिनी तोवर रस्त्यापलीकडे जाऊन उभी होती. तिथूनच ओरडली, "भावजी, 'ह' दिसतोय हं!"