दोन जीबी रॅमचा अकरा इंची लॅपटॉप: हलक्या लिनक्सची निवड आणि आतापर्यंतची प्रगती

मशीन असे: ११.६ इंची स्क्रीन, १३६६ बाय ७६८ रिझोल्यूशन, इंटेल ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप). २०१६ मध्ये ९,९९९ रुपयांना आलेला आयबॉलचा कॉम्पबुक एक्सलन्स याच जातीचा. विंडोजच्या अपडेटला जागा पुरेना म्हणून असे कितीतरी लॅपटॉप कपाटात जाऊन पडले. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि हा प्रोसेसर तसाही २ जीबीच्या पुढे जात नाही. काटकसर करायची ती सॉफ्टवेअरमध्येच.

अशा मशीनवर "सर्वांत हलके डिस्ट्रो कोणते?" हा प्रश्न नंतरचा (डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती). आधी पाहायचे ते बूट काय होते.

प्रोसेसर ६४ बिटचा, पण ही मशीन ३२ बिट विंडोजसह विकली गेल्यामुळे यूईएफआय (मशीन चालू होताना बूट करून देणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर) बहुधा ३२ बिटचे असते, आणि जुना बायोस मोड दिलेलाच नसतो. पुष्कळशा ६४ बिट आयएसओंमध्ये (पेनड्राइव्हवर लिहायच्या इन्स्टॉलरच्या फायलींमध्ये) फक्त 'बूटएक्स६४.ईएफआय' असते. हे फर्मवेअर शोधते 'बूटआयए३२.ईएफआय'. ती फाइल सापडली नाही की कसलाही एरर न देता सरळ विंडोज चालू होते, किंवा सेटअपची निळी स्क्रीन येते. पेनड्राइव्ह खराब आहे असे वाटून तीन-तीनदा लिहिला जातो, पण दोष त्याचा नसतो. म्हणून आयएसओ लिहून झाली की पेनड्राइव्हवरचे 'ईएफआय/बूट' फोल्डर उघडून ती फाइल आहे का ते पाहावे. लिनक्स चालू असलेल्या मशीनवर '/सिस/फर्मवेअर/ईएफआय/एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइज' ही फाइल 'कॅट' कमांडने वाचली की ३२ किंवा ६४ असा आकडाच मिळतो. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, अडचण नाही. ३२ बिट यूईएफआयवरून ६४ बिट कर्नल चालवण्याची सोय ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. गाडी अडते ती कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरपाशी.

मग सरळ ३२ बिट डिस्ट्रोच का टाकू नये? रॅम थोडी वाचते हे खरे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, आणि मोझिलाने लिनक्सवरचा ३२ बिट फायरफॉक्स १४४ व्या आवृत्तीनंतर थांबवला. ब्राउझरच जुना राहणार असेल तर वाचलेल्या ५०-१०० एमबीला अर्थ नाही. ६४ बिट ठरले.

उमेदवारांपैकी लुबुंटू लगेच बाद झाला. एलएक्सक्यूटी डेस्कटॉप चांगला आहे, पण फायरफॉक्स स्नॅपमधून (लागणारे सगळे सोबत बांधून आणणारे उबुंटूचे पॅकेज) येतो. ३२ जीबी ईएमएमसीवर स्नॅपची जागा आणि पहिल्यांदा उघडताना लागणारा वेळ, दोन्ही जड जातात. पपी अतिशय चपळ, फायली वाचवायला खिशात असावाच. पण तो स्वतः रॅममध्ये जाऊन बसतो आणि रॅमच तर कमी आहे. शिवाय सगळे काम रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालते, ते रोजच्या वापराला पटत नाही. अँटीएक्स उत्तम: आइसडब्ल्यूएम (हलका विंडो मॅनेजर), सिस्टमडी (सेवा सुरू करणारी नेहमीची यंत्रणा) नाही, रिकाम्या डेस्कटॉपवर साधारण २०० एमबी. ज्यांना तयार घर हवे त्यांनी तेच घ्यावे. इथे निवडले ते डेबियनचे नेटइन्स्ट (बाकीचे नेटवरून उतरवणारा छोटा इन्स्टॉलर) आणि त्यावर हाताने चढवलेले आइसडब्ल्यूएम. मेमरी जवळपास तेवढीच, आणि काय टाकले ते नेमके ठाऊक राहते.

इन्स्टॉल करताना सेटअपमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही केलेला बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केले. यूएसबी पोर्ट कमी पडतात, त्यामुळे हब जवळ ठेवावा. डिस्क 'एमएमसीबीएलके०' या नावाने दिसते आणि ३२ जीबीपैकी प्रत्यक्षात २९ जीआयबीच्या आसपास हाती येते. शेजारी दिसणाऱ्या 'बूट०' आणि 'बूट१' या चिमुकल्या विभागांना हात लावायचा नाही. ३०० एमबी ईएफआय पार्टिशन, बाकी सगळे ईएक्सटी४ 'नोएटाइम'सह (फाइल वाचल्याची वेळ लिहीत बसत नाही), स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची जागा) पार्टिशन नाही. टास्कसेलमध्ये (इन्स्टॉलरच्या निवडयादीत) डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढल्या. नंतर एक्सऑर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा पाया), आइसडब्ल्यूएम, नेटवर्कमॅनेजर आणि फायरफॉक्स ईएसआर 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारशीतली जादा पॅकेजेस नकोत) लावून घेतले. हा पर्याय विसरला तर शेकडो एमबीची वरात मागोमाग येते.

रीबूटनंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' आले तर घाबरू नये. या फर्मवेअरना बूटची नोंद लक्षात राहत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून रूट आणि ईएफआय पार्टिशन माउंट करावे, डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड करून सीएचरूट करावे (म्हणजे इन्स्टॉल केलेल्या सिस्टममध्ये शिरावे), ग्रब या बूटलोडरचे 'ग्रब-ईएफआय-आयए३२' पॅकेज टाकावे आणि ग्रब-इन्स्टॉलला 'टार्गेट' म्हणून 'आय३८६-ईएफआय' देऊन सोबत 'रिमूव्हेबल' लावावे. त्यामुळे ग्रब नेमक्या 'ईएफआय/बूट/बूटआयए३२.ईएफआय' या जागी बसतो आणि नोंद नसली तरी सापडतो. शेवटी अपडेट-ग्रब.

वायफायची चिप आरटीएल८७२३बीएस. ड्रायव्हर ४.१२ पासून कर्नलमध्येच आहे, फर्मवेअर 'फर्मवेअर-रिअलटेक'मध्ये. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरसोबतच येते. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडते. राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव यादीत दिसले नाही तर बिघाड समजू नये. कनेक्शन मध्येच झोपत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये 'वायफाय.पॉवरसेव्ह=२' करावे, म्हणजे वीजबचत बंद होते.

सगळ्यात मोठा फरक पडला झेडरॅमने, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेल्या स्वॅपने. 'झेडरॅम-टूल्स' टाकून 'एटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप'मध्ये अल्गोरिदम झेडएसटीडी आणि टक्केवारी १०० ठेवली. एलझेड४ जलद आहे, पण झेडएसटीडी जास्त घट्ट दाबतो, आणि इथे टंचाई रॅमची आहे. सोबत 'व्हीएम.स्वॅपिनेस' (कर्नलने स्वॅपकडे किती कलायचे) १५० (५.८ कर्नलपासून ही मर्यादा २०० पर्यंत आहे) आणि 'व्हीएम.पेज-क्लस्टर' (स्वॅपमधून एका दमात मेमरीची किती पाने आणायची) ०. दुसरे मूल्य बरेच जण सोडून देतात. मूळचे ३ तसेच राहिले तर एका पानासाठी आठ पाने उलगडली जातात. फिरत्या डिस्कला ते सोयीचे होते, इथे ॲटमला फुकटची मेहनत.

व्हिडिओसाठी 'आय९६५-व्हीए-ड्रायव्हर' टाकला. हे ग्राफिक्स एच.२६४ या प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडते, व्हीपी९ प्रकारचा नाही. म्हणून ब्राउझरमध्ये एच२६४इफाय (यूट्यूबकडून एच.२६४ मागवणारे) एक्स्टेन्शन लावून ७२० वर थांबावे. स्क्रीनच ७६८ रेषांची आहे.

मराठी टायपिंगसाठी आयबस (टायपिंगचा वेगळा प्रोग्राम) टाकले नाही. एक्सकेबीमध्येच (एक्सऑर्गच्या कीबोर्ड यंत्रणेत) 'इन' लेआउटचा 'मार-कागपा' हा फोनेटिक प्रकार आहे. 'सेटएक्सकेबीमॅप'ला 'यूएस,इन', हा प्रकार आणि अल्ट-शिफ्टचा टॉगल दिला की काम झाले. वेगळी प्रोसेस नाही, रॅम नाही. फॉन्ट 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी'. ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता आपल्या वळणाचे दिसतात, आणि ते दिसायलाच हवेत.

अजून बाकी: जुन्या कर्नलवर बे ट्रेल (या ॲटमची पिढी) मशीन अचानक गोठत, त्यावर 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा (प्रोसेसरला गाढ झोपू न देणारा) उतारा होता. बॅटरी लवकर उतरते, म्हणून तो लावलेला नाही. गोठले तरच लावायचा. आवाजासाठी 'फर्मवेअर-इंटेल-साउंड' आणि 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' टाकले, पण हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो का ते तपासायचे आहे. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप'मध्ये फक्त 'एस२आयडल' (हलकी झोप) दिसते, तेव्हा रात्रभर झाकण मिटून ठेवल्यावर बॅटरी किती टक्के उतरते त्याची मोजणी पुढच्या नोंदीत.