फॅलरोप मोजणी : आकडा जुळला एकदाचा

मंडळी, मागच्या वेळचं रडगाणं आठवतंय ना? अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उटकियाग्विकच्या (जुन्यांसाठी बॅरो) एल्सन लगूनवरची तीच ६०० मीटरची खडीची पट्टी, आणि तिच्यावरून चालत फॅलरोप (पाण्यावर पोहत खाणारे छोटे किनारी पक्षी) मोजताना, जाताना-येताना कधीच न जुळणारे आकडे. काल जाताना १४० फॅलरोप, परतताना २३०. वारा फिरला की उलटं. आधी क्लिकरला (मोजणीच्या हातातल्या यंत्राला) दोष दिला, मग डोळ्यांना.

शेवटी वाहून आलेल्या एका ओंडक्यावर बसून नुसता थवा बघत राहिलो. सगळी यंदाची पिल्लं. माद्या अंडी नरांच्या गळ्यात मारून कधीच पसार झाल्या, पाठोपाठ नरही गेले. आता ऑगस्टात किनारा पोरांच्या ताब्यात. काठाशी आलेलं प्लवक टिपायचं, पोहत थोडं सरकायचं, मग मागची पोरं उडून पुढच्यांच्या डोक्यावरून पलीकडे उतरायची. म्हणजे अख्खा थवा वाहतोय! दादरच्या पुलावर गर्दीबरोबर चाललं तर मोजकी माणसं भेटतात, उलट चाललं तर अंगावर येतात. तसंच हे.

म्हणून पट्टीवर दर २०० मीटरला काठी रोवली. जोडीदार मधल्या उंचवट्यावर कॅमेरा घेऊन उभा (अस्वलावर लक्ष ठेवायचं कामही त्याच्याचकडे). मी निघण्याआधी त्याने मिनिटभरात सगळी पट्टी टिपली. रात्री फोटोंवर ठिपके मारत मोजले : १८१. हुश्श! चहा दोनदा झाला.

थांबा, हे लिहितानाच एक सुचलं. १४० आणि २३० ची सरासरी १८५! थवा एकाच वेगाने सरकत असेल, तर एका बाजूला जेवढे कमी भेटतात तेवढेच दुसऱ्या बाजूला जास्त. म्हणजे जुलैपासूनच्या जाता-येतानाच्या आकड्यांच्या जोड्या फुकट नाहीत. उद्या फोटो काढायचे होते, ते राहू देत. आधी जुनी वही काढतो. वारा मधेच फिरला ते दिवस मात्र गाळावे लागतील.

जात ओळखणं अजून जाचतंय. इथे दोन जाती : लाल फॅलरोपची चोच जाड, लाल-मानेवाल्या फॅलरोपची सुईसारखी, पाठीवर पिवळट पट्टे. जवळून सोपं, लाटांवर भोवऱ्यासारखी गिरकी घेणाऱ्या पोरात शोधून दाखवा! आता प्रत्येक पक्षी ओळखायचा हट्ट सोडलाय. काठीगणिक ५० पक्षी नीट बघायचे आणि त्यावरून प्रमाण काढायचं. (आपल्या अरबी समुद्रात हिवाळ्यात येतात ते लाल-मानेवाले युरेशियातले; इथले पॅसिफिकला जातात.)

स्कोपसाठी (पक्षी बघायच्या दुर्बिणीसाठी) ट्रायपॉड घेणार असाल तर प्लास्टिकच्या खटक्यांचा घेऊ नका. गारठ्यात माझा एक पाय उघडेचना, शेवटी दोन पायांवर आणि गुडघ्यावर स्कोप पेलला. पिळून घट्ट करायचे पायच बरे. हातमोजे मात्र मासेमारीचे रबरी, आत लोकरीचे. क्लिकर व्यवस्थित दाबता येतो.

सूर्य आता मावळायला लागलाय, पहाटेची मोजणी थोडी उशिरा सुरू करावी लागेल. डनलिन (हेही किनारी पक्षीच) अजून आहेत, पिसं बदलतायत. त्यांची पट्टी परवा.