एजंटच्या हाती व्हॉइस चॅनेल देताना

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपचा बॉट (प्रोग्रामने चालणारं खातं) तयार करायचा, तो एमसीपी सर्व्हरमार्फत (एआयला बाहेरच्या साधनांशी जोडणारा प्रोग्राम) एआय एजंटला जोडायचा आणि 'दहा जणांपुरतं व्हॉइस चॅनेल कर' असं सांगायचं. चॅनेल तयार होतं, इथवर काहीच अवघड नाही. घोळ होतो तो परवानग्यांमध्ये, आणि तो होतो तेव्हाही एजंट 'झालं' असंच सांगतो.

आधी टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली. ते एमसीपी सर्व्हरच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गप्पांच्या खिडकीत कधीच नको. चुकून पेस्ट झालंच तर डेव्हलपर पोर्टलवर जाऊन लगेच रीसेट करा.

बॉटला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका. चॅनेल पाहणं, कनेक्ट, स्पीक, मॅनेज चॅनेल्स आणि मॅनेज रोल्स एवढ्यावर काम भागतं. आमंत्रणाच्या दुव्यात या पाचांचा एकत्रित आकडा २७१५८२२२४ असा येतो. स्पीक मुद्दाम घेतलं आहे. जी परवानगी बॉटकडेच नाही, ती तो सहसा चॅनेलवर कुणाला देऊ किंवा नाकारू शकत नाही. तसंच बॉटचा रोल (परवानग्यांचा गट) सर्व्हरच्या रोल-यादीत वर हवा. स्वतःच्या बरोबरीच्या किंवा वरच्या रोलला त्याला हात लावता येत नाही. 'मिसिंग परमिशन्स' म्हणजे ५००१३ ही त्रुटी आली, तर आधी याच दोन गोष्टी पाहा.

बिटरेटचं (आवाजाच्या दर्जाचं) फारसं काही नाही. एपीआयला, म्हणजे डिस्कॉर्डला प्रोग्राममधून विनंत्या पाठवण्याच्या मार्गाला, तो बिट्स प्रतिसेकंदात लागतो, म्हणजे ६४ केबीपीएससाठी ६४०००. एजंटने नुसते ६४ पाठवले तर विनंती फेटाळली जाते, कारण किमान मर्यादा ८००० आहे. बूस्ट (पैसे देऊन मिळणाऱ्या जादा सोयी) नसलेल्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर कमाल ९६०००. सदस्यमर्यादेत ० म्हणजे अमर्याद, आणि प्रदेश रिकामा म्हणजे नल ठेवला की तो आपोआप निवडला जातो. नुसत्या बोलण्यासाठी ६४००० पुरतात, उगाच वाढवू नका.

आयडीमुळे होणारी चूक मात्र सहज ध्यानात येत नाही. चॅनेल आणि रोलचे आयडी (ओळखक्रमांक) ६४ बिटांचे असतात. टूलच्या व्याख्येत ते संख्या म्हणून लिहिलेले असतील, तर जावास्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदलतात आणि समोर 'चॅनेल सापडलं नाही' असं येतं. मग एजंट बिचारा परवानग्या तपासत बसतो. आयडी नेहमी अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग म्हणून जायला हवा.

आता मुख्य धोका. चॅनेल बदलण्याच्या पॅच विनंतीत परमिशन ओव्हरराइट्सची (त्या चॅनेलपुरत्या कुणाला काय चालेल, काय नाही या नियमांची) यादी पाठवली, की जुनी यादी पूर्ण जाऊन नवी बसते. 'या रोलला बोलू दे' एवढंच सांगितलं आणि एजंटने एकाच नोंदीची यादी पाठवली, तर बाकी सगळ्यांसाठीचे नियम पुसले जातात. खाजगी चॅनेल असं सगळ्यांना खुलं होतं. म्हणून एका रोलचा नियम बदलायचा असेल तर त्या रोलच्या आयडीवर पुट विनंती करणारं वेगळं टूल हवं. तेही त्या रोलची नोंद पूर्ण बदलतं, म्हणून तिचे आधीचे अलाउ आणि डिनाय वाचून त्यात भर घालायला सांगा.

दुसरा सापळा: एव्हरीवनला (सर्व्हरवरच्या सगळ्यांना आपोआप मिळणाऱ्या रोलला) कनेक्ट नाकारायचं आणि बॉटला वगळायचं विसरायचं. व्हॉइस चॅनेलवर कनेक्ट नाकारलं की मॅनेज चॅनेल्ससुद्धा गुपचूप नाकारलं जातं. बॉट स्वतःच बाहेर राहतो, आणि ती चूक सुधारायला माणूसच लागतो. आधी बॉटच्या रोलला कनेक्ट द्या, मगच एव्हरीवनचं काढा. एव्हरीवनचा आयडी म्हणजे डिस्कॉर्ड सर्व्हरचाच आयडी. एजंट तो नाहक शोधत राहतो, म्हणून आधीच सांगून टाका.

चॅनेलचे नियम कॅटेगरीशी (चॅनेलांच्या गटाशी) जुळलेले असतील तर कॅटेगरीतला बदल खाली उतरतो. चॅनेलवर एकदा वेगळा बदल केला की ती जोडणी तुटते. एकसारखी पाच चॅनेलं असतील तर एजंटला कॅटेगरीवरच काम करायला लावा.

सूचना देताना क्रम ठरवून द्या: आधी सध्याची स्थिती वाच, बदलाचा मसुदा दाखव, होकार मिळाल्यावर लिही, आणि लिहिल्यावर चॅनेल पुन्हा वाचून फरक दाखव. ४२९ (फार विनंत्या झाल्याची त्रुटी) आला तर उत्तरात दिलेला वेळ थांबायचं, लगेच पुन्हा पाठवायचं नाही. प्रत्येक बदलासोबत ऑडिट लॉगसाठी (सर्व्हरवरच्या बदलांच्या नोंदवहीसाठी) कारणही जोडायला सांगा. तो लॉग ४५ दिवसच राहतो, त्यामुळे मूळ ओव्हरराइट्सची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली बरी.