कोकमाला पाणी, प्रोपोलिसला अल्कोहोल

जे हाती लागेल ते पातेल्यात टाकून उकळायचं आणि त्याला अर्क म्हणायचं, ही सवय आधी सोडा. कोणता घटक कशात विरघळतो ते पाहून मगच भांडं काढावं.

कोकमाच्या सालीतला लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, आणि हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल पाण्यात उतरतं. सालीतलाच आणखी एक घटक, गार्सिनॉल, मात्र पाण्यात जवळजवळ उतरत नाही, त्याला अल्कोहोल लागतं. त्यामुळे सरबत कितीही गडद दिसलं तरी त्यात गार्सिनॉल फारसा नसतो. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

साल बिनमिठाची, सुकी घ्या. बाजारातल्या आमसुलांना बहुधा मीठ लावलेलं असतं. १०० ग्रॅम सालीला ५०० मिली कोमट पाणी, चार तास. पिळून गाळा आणि चोथ्यावर आणखी २५० मिली पाणी घालून तासाभराने पुन्हा पिळा. उकळलंत की लाल रंग तपकिरीकडे झुकतो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. लोखंड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम आम्लाने झिजतं. कोकमाचा सामू (pH, आंबटपणाचं माप) मुळातच २ च्या आसपास असतो, वरून सायट्रिक अ‍ॅसिड कशाला? अर्क फ्रीजमध्ये, उजेडापासून दूर ठेवा.

प्रोपोलिस, म्हणजे मधमाश्या झाडांच्या राळेपासून बनवतात तो चिकट पदार्थ, त्याचं गणित वेगळं. कोकणातल्या मधमाश्यांच्या पेट्यांत बहुतेक सातेरी ही देशी माशी असते आणि ती प्रोपोलिस जवळजवळ गोळाच करत नाही. ते मिळतं मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय माशीच्या पेटीत. झाकणाखाली प्लॅस्टिकची जाळी ठेवा, माश्या तिची भोकं बुजवतात. भरलेली जाळी फ्रीझरमध्ये ठेवून वाकवली की तुकडे सुटे होतात. रंग दिलेल्या लाकडावरून खरवडलेलं घेऊ नका, रंगातलं शिसं त्यात येऊ शकतं.

गारठलेले तुकडे लगेच दळा. उबेला आले की मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतात. २० ग्रॅम भुकटीला ७० टक्क्यांचं १०० मिली इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल. ९५ टक्क्यांचं असेल तर ७४ मिली घेऊन पाण्याने १०० मिली करा. ७० टक्क्यांहून तीव्र अल्कोहोल मेणही जास्त ओढतं, नुसतं पाणी राळेला हात लावत नाही. डिनेचर्ड (पिण्यास अयोग्य केलेलं) स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, ते पोटात घ्यायचं नसतं. खाण्याजोग्या इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचे नियम आधी विचारून घ्या.

गडद बाटलीत दहा दिवस, रोज हलवून. गाळल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मेण तळाशी बसेल. अर्क थंड असतानाच कॉफी फिल्टरमधून पुन्हा गाळा. ही पायरी बरेच जण वगळतात आणि मग ड्रॉपर तुंबला म्हणून कुरकुरतात.

ताकद मोजायची तर वजन केलेल्या बशीत १० मिली अर्क हवेवर, विस्तवापासून लांब, पूर्ण सुकू द्या. १ ग्रॅम उरलं तर १०० मिलीत १० ग्रॅम राळ. मधमाशीच्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी यापासून दूरच राहावं. बाकीच्यांनीही आधी मनगटावर एक थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. पाण्यात टाकल्यावर थेंब दुधासारखे पांढरे झाले तर अर्क नासलेला नाही. अल्कोहोल पातळ झालं की राळ बाहेर पडते, इतकंच.