जत्रेला पाऊस

रोलरकोस्टर टायकून या पार्क उभारायच्या कॉम्प्युटर खेळातलं वर्ष आठ महिन्यांचं असतं. मार्चमध्ये सुरू, ऑक्टोबरअखेर संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मार्च. थंडीत पार्कांना कुलूप लावणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे हिशेबाला बरं पडत असेल. मी मात्र या खेळात गोव्याची जत्रा भरवायला बसलो होतो. म्हापशाचा बोडगेश्वर काय, फातर्प्याची शांतादुर्गा काय, दोन्ही जत्रा पौषातल्या. म्हणजे खेळाने जे चार महिने गाळले, नेमके तेच आमचे. आणि जे ठेवले त्यातले चार निव्वळ पावसाचे.

ख्रिस सॉयरचा मूळ खेळ १९९९चा. आपला सिनॅरिओ, म्हणजे खेळायचा डाव, आपणच रचायची सोय २००२च्या दुसऱ्या भागात आली. त्यात जमीन आपण घडवायची, कुठले पाळणे आधी मिळतील आणि कुठले मागाहून ते ठरवायचं, कर्ज किती, अट काय तेही सांगायचं. खेळणार दुसराच कुणीतरी. आपण फक्त त्याच्या वाटेत काय काय पेरायचं ते बघायचं.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला जमिनीत. नदीकाठचं खाजन करायचं होतं. सखल शेतं, कडेने मातीचा बांध, एका ठिकाणी मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्याचं दार. तीन रात्री माउसने चौकोनामागून चौकोन उचलत बांध घातला आणि चौथ्या रात्री लक्षात आलं की या खेळातलं पाणी वाहतच नाही. ज्या चौकोनात जेवढं ओतलं तेवढंच तिथे राहतं. ना भरती, ना ओहोटी. बांध असला काय, नसला काय, शेत कोरडंच. तरी ठेवला. खाजन म्हटल्यावर बांध नको?

मग आल्या मनाईच्या खुणा. झाडं तोडायला मनाई, जमिनीची चढउतार बदलायला मनाई, उंच बांधकामाला मनाई. तिन्ही चौकटींत टिक केली आणि खुर्चीत जरा ताठ बसलो. आमच्या समोरचा डोंगर निम्मा कापला गेला, तेव्हा अशी चौकट माझ्या हाताशी नव्हती.

जत्रेला तिकीट नसतं, म्हणून प्रवेश फुकट. पैसे ज्या त्या पाळण्याला. सुरुवातीला आकाशपाळणा आणि लाकडी घोड्यांचं चक्र, रोलरकोस्टर संशोधनाच्या रांगेत अगदी शेवटी. आलं घातलेलं खाजं मिळणार नव्हतंच, पॉपकॉर्नवर भागवलं. हवामानाशी मात्र अडलो. पर्याय चार: थंड-दमट, उबदार, उष्ण-कोरडं आणि थंड. उष्ण आणि ओलं, म्हणजे आम्ही ज्यात जन्म काढतो ते, यादीतच नाही! शेवटी थंड-दमट घेतलं. पाऊस तरी पडेल. पाऊस आला की उघड्या पाळण्यांकडे कुणी फिरकत नाही, गल्ला आटतो. अट घातली: दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पार्कात १००० माणसं. शिवाय तेव्हा पार्कचं रेटिंग ६००च्या खाली असता कामा नये, हे खेळ स्वतःच बघतो.

सुट्टीत भाचा आला. त्याला खेळायला बसवला आणि शेजारी चहा घेऊन मीही बसलो, पोरगं कुठे अडतंय ते बघायला.

त्याने बांधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आकाशपाळणा उभा केला, एक दुकान टाकलं आणि नुसता बसून राहिला. आभाळ भरून आलं तसा दुकानात शिरला आणि छत्रीचा भाव चढवत थेट २०वर नेला. त्याहून वर खेळ जाऊ देत नाही. सरी कोसळायला लागल्या. माझी माणसं, ज्यांनी पॉपकॉर्न महाग म्हणून तोंडं वाकडी केली होती, ती मुकाट्याने रांग लावून छत्र्या घेऊ लागली. बघता बघता सगळी जत्रा छत्र्यांनी भरून गेली. भाच्याने कर्जाचा आकडा खाली खाली आणला.

थोड्या वेळाने उघडीप झाली. त्याने पडद्यावरून नजर काढली.

"मामा, पावस इतलोच?"